पाण्यात पडलेली बुबुळं

माझ्याकडे येणारा माणूस आधी खिशातून फोन काढतो, दोन बोटांनी चित्र मोठं करतो आणि म्हणतो, "काका, एवढं फक्त कन्व्हर्ट करून द्या." या वाक्यातला 'फक्त' मी बारा वर्षं ऐकतो आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं पत्रा कापायचं वर्कशॉप आहे. म्हणजे शेठचं आहे, मी तिथे कॉम्प्युटरवर बसतो. गेटची जाळी, बंगल्याची पाटी, देवघराची महिरप, कमानीवरची अक्षरं, जे हवं ते लोक फोटोत घेऊन येतात आणि त्यांना ते संध्याकाळपर्यंत लोखंडात हवं असतं.

फोनमधलं चित्र म्हणजे नुसते ठिपके. काळे, करडे, पांढरे, एकमेकांना चिकटून बसलेले चौकोनी ठिपके. कापणाऱ्या मशीनला ठिपके कळत नाहीत, त्याला रेघ लागते. रेघ कुठे सुरू होते, कुठे वळते, किती वळते आणि कुठे येऊन बंद होते, हे आकड्यांत सांगितलं की मशीनचा टॉर्च, म्हणजे कापणारी ज्योत, त्या वाटेनं फिरतो आणि पत्रा कापला जातो. ठिपक्यांमधून ती रेघ काढणं हे माझं काम. लोकांना वाटतं, रेघ चित्रात असतेच, मी ती नुसती उचलून देतो. ती तिथे नसते. ती ठरवावी लागते. पूर्वी मी हे समजावून सांगत असे. मग एका डॉक्टरनं चालत्या गाडीतून काढलेला कुणाच्या तरी गॅलरीचा फोटो पाठवला. मी विचारलं, साइज किती ठेवायची? तो म्हणाला, "फोटोत आहे तेवढीच." त्या दिवसापासून मी समजावणं सोडलं.

एका आर्किटेक्टनं स्क्रीनशॉट पाठवला. वर घड्याळ आणि बॅटरी किती उरली तेही दिसत होतं. हे चालणार नाही म्हटल्यावर त्यानं तेच चित्र पीडीएफमध्ये चिकटवून परत पाठवलं आणि खाली लिहिलं, आता हाय क्वालिटी आहे. दुसऱ्या एकानं फाइलच्या नावापुढचं जेपीजी खोडून तिथे डीएक्सएफ, म्हणजे रेघांच्या फाइलची खूण, लिहिलं आणि मेल केली. फाइल उघडत नाही म्हणून सांगितलं तर मलाच विचारतो, "तुमचा कॉम्प्युटर जुना आहे का?" हा माणूस एका कॉलेजात शिकवतो.

मी मूळचा ट्रेसर. सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागलो तेव्हा हेच माझ्या हुद्द्याचं नाव होतं. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग करायचे, मी त्यावर ट्रेसिंग पेपर लावून शाईनं रेघ ओढायचो. चुकलं की दाढीच्या ब्लेडनं शाई खरवडायची, कागद न फाडता. आमचे हेडसाहेब मागे येऊन उभे राहायचे. चूक दिसली तरी बोलायचे नाहीत. ब्लेड काढून माझ्या हाताशी ठेवायचे आणि निघून जायचे. कुठे चुकलं ते मी तासभर शोधत बसायचो. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकलो, रेघ आणि तुच्छता. दुसरी लवकर जमली.

कॉम्प्युटर आले आणि ते ऑफिस उठलं. बरोबरचे कुणी विम्यात गेले, कुणी प्लॉटच्या दलालीत. मी रात्रशाळेसारखा एक कोर्स केला आणि रेघेतच राहिलो. माउसनं रेघ ओढणं मला आजही साबणाच्या वडीनं लिहिल्यासारखं वाटतं, पण हात बसला.

दोन वर्षांपूर्वी शेठचा जावई वर्कशॉपमध्ये यायला लागला. वय तिशीच्या आतबाहेर, पुण्यात कुठेतरी मॅनेजमेंटच्या नोकरीत होता, ती सोडून आला. आल्या आल्या त्यानं भिंतींना रंग दिला, माझ्या टेबलाला 'डिझाइन स्टुडिओ' असं नाव दिलं आणि एक सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं प्रात्यक्षिक त्यानं शेठला माझ्यासमोरच दाखवलं. गुलाबाचं चित्र घेतलं, काळंपांढरं केलं, एक बटण दाबलं. चार सेकंदांत पाकळ्यांभोवती निळ्या रेघा आल्या.

"बघितलं पप्पा?" तो म्हणाला. "याला काका अर्धा दिवस घेतात."

शेठनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुम्हाला आराम," तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. शेठ चांगला माणूस आहे, त्याला फक्त काही कळत नाही.

ते सॉफ्टवेअर काय करतं, ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. अंधारात भिंतीला हात लावत चालावं, तसं ते काळं जिथे संपतं आणि पांढरं जिथे सुरू होतं त्या कडेनं चालतं. भिंतीला पोपडा आला असेल तर पोपड्याभोवतीही फिरतं. त्याला नाक माहीत नाही, पाकळी माहीत नाही. कागदावर माशी बसलेली असेल तर तिलाही ते तेवढ्याच निष्ठेनं रेघ काढतं. एका सरळ रेषेला दोन बिंदू पुरतात, तिथे ते दोनशे ठेवतं, आणि त्या प्रत्येक बिंदूशी टॉर्च अडखळतो. हे सगळं मी जावयाला सांगू शकलो असतो. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्याच सुमारास कमानवाला आला.

लासलगावच्या अलीकडच्या एका गावातला कांद्याचा व्यापारी. चाळिशीचा, पांढरे कपडे, दोन फोन, बरोबर त्याच्याइतकेच पांढरे तीन मित्र. त्याचे वडील वर्षभरापूर्वी गेले होते. गावच्या वेशीवर त्यांच्या नावानं लोखंडी कमान उभी करायची होती आणि कमानीच्या मधोमध वडिलांचा चेहरा. चेहरा चार फूट उंच, जाड पत्र्यातून आरपार कापलेला, म्हणजे मागचं आभाळ दिसेल आणि आभाळासमोर चेहरा उठून दिसेल. कल्पना वाईट नव्हती. त्यानं ती सोलापूरकडे कुठेतरी बघितली होती.

मी म्हटलं, "फोटो द्या."

त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला. घरातल्या भिंतीवर लावलेल्या फोटोचा, भिंतीवरच असताना, खालून काढलेला फोटो. फ्रेमला चंदनाचा हार. काचेवर समोरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, कपाळापासून डाव्या गालावरून थेट मिशीपर्यंत उतरलेला. वडिलांच्या निम्म्या चेहऱ्यावर ट्यूबलाइट होती.

"मूळ फोटो आणा," मी म्हटलं. "फ्रेमातून काढून. नाहीतर निदान हार उतरवून, ट्यूब बंद करून तरी पुन्हा काढा."

"काका, त्यात काय एवढं? कॉम्प्युटर काढतो ना ते."

"कॉम्प्युटरला तुमचे वडील माहीत नाहीत."

त्याचे मित्र हसले. कमानवाला हसला नाही. तो जावयाकडे वळून म्हणाला, "तुम्ही करता का?" जावई म्हणाला, "आरामात." मग त्यानं खुर्ची पुढे ओढून मला उठवलं. म्हणजे हात धरून नाही उठवलं. "काका, एक मिनिट हं," म्हणाला आणि मी उठेपर्यंत वाट बघत उभा राहिला. त्यानं बटण दाबलं, निळ्या रेघा आल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मागे उभा राहून स्क्रीनकडे बघत होतो आणि मला सगळं स्पष्ट दिसत होतं. पत्र्यातून चेहरा कापताना उजेडाचे भाग कापून टाकतात आणि काळे भाग राहतात. टोपीची कड, भुवया, मिशी, बुबुळं हे लोखंडात राहायला हवं. पण बुबुळाच्या चारही बाजूंना डोळ्याचं पांढरं असतं. ते पांढरं पूर्ण कापलं तर बुबुळाला धरून ठेवायला काहीच उरत नाही, ते सुटून खाली पडतं. म्हणून बुबुळ वरच्या पापणीला कुठेतरी जोडून ठेवावं लागतं. असा पूल ठेवायचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही, ते ज्याला दिसतं त्याला कळतं. आणि ट्यूबलाइटचा पट्टा पांढरा, म्हणजे तोही कापला जाणार. हाराचे मणी पांढरे, म्हणजे गळ्याभोवती चाळणी.

मी काही बोललो नाही. चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती फाइल प्लाझ्मा मशीनवर लागली. या मशीनच्या टेबलाखाली पाण्याची टाकी असते, कापलेले तुकडे त्यात पडतात. ऑपरेटर माझ्याच वयाचा, गेली सहा वर्षं माझ्या फाइली कापतो. त्यानं स्क्रीन बघितली, माझ्याकडे बघितलं. मी कप तोंडाला लावला. एवढ्यानं त्याला काय ते कळलं. त्यानं खांदे उडवून मशीन सुरू केलं.

टॉर्च चालत नव्हता, ठेचकाळत होता. एका भुवईला पाच मिनिटं लागली. मग उजव्या डोळ्याभोवती फिरून तो उचलला गेला आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं डाव्या डोळ्याचा. मग ट्यूबलाइटचा पट्टा कापला गेला, तेव्हा मिशीचा डावीकडचा अर्धा भाग सुटला आणि तोही खाली गेला. जावई फोनवर होता. मी तिथेच उभा होतो आणि मला आतून बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. हेडसाहेब ब्लेड ठेवून निघून जायचे तेव्हा त्यांनाही असंच बरं वाटत असणार.

पत्रा उभा करून भिंतीला टेकवला. डोळे नसलेला, कपाळापासून ओठापर्यंत तलवारीचा वार असलेला, अर्ध्या मिशीचा माणूस. गळ्याशी गोळ्या झाडल्यासारखी भोकं. मला वाटलं, आता तरी जावयाचं तोंड उतरेल. त्यानं डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाला, "आर्टिस्टिक लुक आलाय." फोटो काढला, कमानवाल्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. अंगठा, हात जोडलेले, आणि 'एकच नंबर'.

मी ती उत्तरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. स्वतःच्या बापाला डोळे नाहीत, हे या माणसाला दिसलं नव्हतं. तेव्हा माझ्या मनात या सगळ्यांबद्दल जे काही होतं ते पक्कं झालं. बघणं नावाची गोष्ट लोकांनी सोडून दिली आहे, असं मी ऑपरेटरला म्हणालो. तो म्हणाला, "जेवायला चला."

दोन दिवसांनी दुपारी कमानवाला पुन्हा आला, या वेळी मित्रांऐवजी आईला घेऊन. तिची मुलगी देवळाली कॅम्पला राहते, मुलीचा नवरा फौजेत आहे. आईला मुलीकडे सोडायला निघाला होता, वाटेत चेहरा दाखवावा म्हणून इकडे वळला. सत्तरीची बाई, अंगानं बारीक, डोक्यावरून पदर घेतलेला, हातात कापडी पिशवी. मुलगा पुढे पुढे चालत होता. "ये आई, हे बघ," म्हणून त्यानं पत्र्यासमोर तिला उभं केलं आणि स्वतः तिचा फोटो काढायला दोन पावलं मागे गेला.

ती बघत राहिली. डोळ्यांच्या भोकांतून मागचं कपाट दिसत होतं. तिनं पदराचं टोक धरलं, सोडलं.

"हे कोण हाय?" तिनं विचारलं.

"अण्णा, अजून कोण?"

"हे तुझे अण्णा नाय," ती म्हणाली. "यांना डोळेच नाय."

तो म्हणाला, "आई, ते लांबून बघायचं असतं. वर चढल्यावर दिसतं बरोबर."

ती चार पावलं मागे गेली. तिनं मुलाचं ऐकलं, खरोखर लांबून बघितलं. मग इकडेतिकडे बघून एका लोखंडी स्टुलावर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. तिचा हात आपल्या गालावर गेला, जिथे पत्र्यावर तो वार होता तिथे, आणि ती तिथेच बोटं ठेवून बसली. मला वाटतं, माणूस गेला त्या दिवशी तिला जे बघावं लागलं होतं, त्यापेक्षाही हे वाईट होतं. तेव्हा निदान डोळे मिटलेले असतील.

मला जे बरं वाटत होतं ते तिथे संपलं. जावई नव्हता, शेठ बँकेत गेला होता, कमानवाला फोनवर बोलायला बाहेर निघाला होता. त्या पत्र्यासमोर ती होती आणि मी होतो, आणि तो पत्रा असा होणार हे ज्याला आधी माहीत होतं असा माणूस मीच होतो. मी तिच्यापर्यंत गेलो.

"मावशी, भिंतीवरचा फोटो आणाल का? फ्रेमसकट. मी पुन्हा करतो."

तिनं वर बघितलं. "तुम्ही केलं का हे?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि मला तेव्हा पुरेसंही वाटलं.

आठवड्यानं ती आली. मुलगा नव्हता, एकटीच. मधे एकदा गावी गेली होती, मुलीकडे परतताना फ्रेम बरोबर आणली होती आणि कॅम्पातून रिक्षानं सरळ आमच्याकडे. फ्रेम लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली होती. हार तिनं घरीच काढून ठेवला होता. मागचे खिळे गंजले होते, मी पकडीनं एकेक काढले. फोटो एका कोपऱ्यात काचेला चिकटला होता. तो सुटेपर्यंत ती श्वास रोखून माझ्या हाताकडे बघत होती. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीसाठी काढलेला फोटो होता, टोपी घातलेला, जरा खाकरून कॅमेऱ्याकडे बघितल्यासारखा. मी तो स्कॅन केला, मोठा केला आणि तिच्यासाठी खुर्ची आणली.

"थांबायची गरज नाही तुम्हाला. दोन दिवस लागतील," मी म्हणालो.

"बसते जरा," ती म्हणाली आणि दुपारचा चहा होईपर्यंत उठली नाही.

मी कपाळापासून सुरुवात केली. टोपीची कड, कानामागची सावली, भुवया. तिला काही वेळ काय चाललंय ते कळलं नाही. मग मी उजवं बुबुळ काढलं आणि त्याला वरच्या पापणीशी जाड रेघेनं जोडलं, तेव्हा तिनं विचारलं, "हे कशाला?"

"नाही जोडलं तर पडून जातं. त्या दिवशी पडलं तसं."

"रांगोळीच्या छाप्यासारखं," ती म्हणाली. "त्यात बी मधलं फूल काडीनं धरून ठेवलेलं असतं."

मी तिच्याकडे बघितलं. जावयाला, आर्किटेक्टला, कॉलेजात शिकवणाऱ्याला जे कळलं नव्हतं ते हिनं एका वाक्यात सांगितलं होतं. मी म्हणालो, "बरोबर तसंच."

डाव्या डोळ्याशी आलो. फोटोत डावी बाजू सावलीत होती, नीट दिसत नव्हती. अशा वेळी मी जे नेहमी करतो ते केलं. उजवा डोळा निवडला, आरशातल्यासारखा उलटा केला आणि डावीकडे ठेवून दिला. तीन सेकंदांचं काम. लोकांना कळत नाही. आजवर कुणालाही कळलेलं नाही.

"असा नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"डावा डोळा बारीक व्हता त्यांचा. तुम्ही दोन्ही सारखे केले."

मी पुन्हा स्कॅनवर गेलो, सावली उजळवली, आणखी उजळवली. तिथे होतं सगळं. पापणी खाली उतरलेली, कोपऱ्यात एक घडी. मी बघितलंच नव्हतं. ठिपके समोर असताना मीही बटणच दाबलं होतं. मी तो डोळा पुसला आणि पहिल्यापासून काढायला घेतला. तिनं मग काही म्हटलं नाही, पण मी चुकीच्या वळणाला गेलो की तिचा हात खुर्चीवर हलायचा, आणि मला ते कळायचं.

मध्ये केव्हातरी ती बोलायला लागली. तिला कमान नको होती. "ते असते तर होऊच दिली नसती," ती म्हणाली. "पोराला इलेक्शनला उभं राहायचंय. बाप जिता व्हता तवर पाच पाच दिस बोलत नव्हता बापाशी. आता चार फुटाचं तोंड लावतोय." हे ती रागानं म्हणाली नाही. बाजारात एखादा माल हातात घेऊन, बघून, परत ठेवावा तसं म्हणाली. मला ती बाई तेव्हा फार जवळची वाटली. मग म्हणाली, "पण लावतोयच, तर निदान ते दिसू द्या."

त्यावर मला सांगावंसं वाटलं. मी माउस सोडला आणि तिच्याकडे न बघता म्हणालो, "मावशी, त्या दिवशीची बुबुळं पडणार, हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं."

"मग?"

"बोललो नाही."

"का बरं?"

"मला कुणी विचारलं नाही."

"इचारलं नाय म्हणून," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मी जे बोललो तेच तिनं परत बोलून बघितलं. मला कुणीतरी माझंच वाक्य मोठं करून दाखवल्यासारखं झालं, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हुशारी नव्हती, मान नव्हता, कारागिरी तर नव्हतीच. मग ती पुढे झुकली. "मिशी दाखवा," म्हणाली.

मिशी जाड नव्हती, मी ती जाड केली होती. ती कमी केली. खालच्या ओठाच्या एका टोकाला दाब होता, तंबाखू धरायची सवय. तो ठेवायचा का, असं मी विचारलं. "ठेवा," ती म्हणाली, "नाहीतर कुणीबी दिसंल." जाताना तिनं फोटो परत फ्रेममध्ये बसवून घेतला, तुकड्यात बांधला आणि पिशवीत घातला.

दोन दिवसांनी नवा पत्रा कापला. टॉर्च कुठे अडखळला नाही. पाण्यात जे पडायला हवं तेवढंच पडलं. शेठ बघून म्हणाला, "हा जास्त क्लिअर आलाय." जावई म्हणाला, "सॉफ्टवेअरला इनपुट चांगला मिळाला की असं येतं." मी काही बोललो नाही, पण या वेळी बोलण्यासारखं खरोखरच काही नव्हतं.

कमान उभी राहिली त्या दिवशी टेंपोबरोबर मीही गेलो. मी सहसा जात नाही. वेशीवर मांडव होता, कर्णा होता, पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती. कमानवाल्यानं वडिलांच्या तत्त्वांवर भाषण केलं. मी ती तत्त्वं ऐकत होतो आणि मला पाच पाच दिवसांचा अबोला आठवत होता. चेहरा कुणी काढला हे सांगताना त्यानं आमच्या जावयाला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. जावई दोन मिनिटं बोलला. त्यात तंत्रज्ञान हा शब्द चार वेळा आला. टेंपोचा ड्रायव्हर मला म्हणाला, "तुम्ही काढलं ना ते?" मी म्हणालो, "जाऊ दे."

मागे आभाळ स्वच्छ होतं. चेहरा खरंच उठून दिसत होता. माझ्या शेजारी दोन म्हातारे उभे होते. एक जण मान वर करून बराच वेळ बघून म्हणाला, "लय वाकड्या स्वभावाचा माणूस, पर तराजू सरळ धरायचा." दुसरा हसला. एवढंच त्यांचं झालं. ते वर लोखंडाकडे बघून बोलत नव्हते, त्या माणसाविषयी बोलत होते. बायकांमध्ये ती बसली होती. तिनं एकदाच वर बघितलं. मग शेजारणीनं काही विचारलं, त्याचं उत्तर द्यायला वळली आणि पुन्हा वर बघितलं नाही. मी निघताना तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "जेवून जा, भाऊ." मी जेवलो.

यानंतर महिनाभरानं एका मंगल कार्यालयाची पाटी आली. अक्षरं आरपार कापायची होती. जावयानं बटण दाबून फाइल केली आणि मशीनकडे घेऊन निघाला. मी माझ्या खुर्चीतून बघितलं. 'मंगल'मधल्या 'म'चं पोट सुटं होतं, 'कार्यालय'मधल्या 'य'चंही. पडली असती. मी उठलो, जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"ही पोटं पडतील," मी म्हणालो.

"काका, तसं असतं तर सॉफ्टवेअरनं दाखवलं असतं."

"ते दाखवत नाही. त्याला अक्षर कळत नाही. तुम्हाला कळतं, म्हणून तुम्हाला सांगतो."

शेठ तिथेच होता. "काय कटकट आहे सकाळी सकाळी?" म्हणाला. ऑपरेटर हसू दाबून पत्रा पुसत राहिला. जावयाचे कान लाल झाले. तो फाइल घेऊन परत गेला, अर्ध्या तासानं आला, पूल ठेवले होते. एक पूल चुकीच्या जागी होता, 'म' जरा 'भ'सारखा दिसत होता. मी तोही सांगितला. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी हेडसाहेबांच्या पाठीकडे बघायचो.

मला तो अजूनही आवडत नाही. शाल त्यानं केबिनमध्ये फ्रेम करून लावली आहे, तिच्याकडे बघून मला अजून हसू येतं. कमानवाला निवडून आला, त्याचंही मला नवल वाटलं नाही. लोक अजून ट्यूबलाइटसकट फोटो पाठवतात आणि 'फक्त' म्हणतात. पण आता फाइल मशीनवर टाकण्याआधी जावई माझ्या टेबलाशी थांबतो. विचारत नाही, नुसता लॅपटॉप उघडा धरून उभा राहतो. मी बघतो आणि काय पडेल ते सांगतो. सांगताना माझा आवाज चांगला नसतो, हे ऑपरेटरनं मला दोनदा सांगितलं आहे. ते मी सुधारू शकलेलो नाही. सांगतो मात्र, विचारलं नाही तरी.